कॅन्सोचे कोळी व अँटिगोनिशची चळवळ



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठीं कांहीं ऐतिहासिक लिहावें, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हां प्रथम विचार आला तो आपल्या ख्रिस्तमंदिराच्या इतिहासाचा. परंतु तें काम माझ्याहून अधिक अधिकारी व्यक्तींनीं याच अंकांत केलेलें आहे. पाया केव्हां घातला गेला, घंटा कोणीं दिली, कोणकोणते धर्मगुरु येथें सेवा करून गेले, हें सर्व वाचकांस तेथें सांपडेल. मला एका दुसऱ्याच महोत्सवाची हकीकत सांगावयाची आहे. तो महोत्सव येथून हजारों मैल दूर, अटलांटिक महासागराच्या कांठीं, १९२७ सालीं व्हावयाचा होता. आणि ज्यांनीं तो साजरा करावयाचा, त्या गरीब कोळ्यांनीं आपणांस साजरें करण्यासारखें कांहीं दिसत नाहीं, असें स्पष्ट सांगितलें. त्या नकारांतून जें कार्य उभें राहिलें, त्याचा धडा आमच्या वसईच्या वाडीवाल्यांना व कोळ्यांना उपयोगीं पडेल अशी माझी समजूत आहे. तो धडा मी स्वतः उशिरां व नुकसान सोसून शिकलों, हेंहि ओघांत सांगणार आहें.

कॅनडा देशाच्या पूर्वेस नोव्हा स्कॉशिया नांवाचा प्रांत समुद्रांत शिरलेला आहे. त्याचा पूर्वभाग आणि केप ब्रेटन नांवाचें बेट मिळून अँटिगोनिशचा कॅथोलिक धर्मप्रांत होतो. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखांतून व आयर्लंडांतून आलेल्या, तसेंच जुन्या फ्रेंच वसाहतवाल्यांच्या वंशांतील लोकांची ही वस्ती. कोणी मासेमारी करी, कोणी थोडीबहुत शेती करी, कोणी केप ब्रेटनच्या कोळशाच्या खाणींत उतरे. निसर्गानें हात आंखडला नव्हता. समुद्रांत कॉड मासा व शेवंड विपुल, जंगलांत लाकूड, जमिनीखालीं कोळसा. असें असूनहि लोक कंगाल होते, आणि त्याचें कारण व्यवहाराच्या रीतींत होतें. हंगामाच्या आरंभीं कोळी व्यापाऱ्याकडून जाळें, मीठ, पीठ, चहा उधारीवर घेई. पकडलेली मासळी त्याच व्यापाऱ्याला, त्यानेंच ठरविलेल्या भावानें देई. आणि वर्षाखेर खातें पाहावें तों देणें शिल्लकच असे. होडी कोळ्याची, मेहनत कोळ्याची, जिवाचा धोका कोळ्याचा; भाव मात्र दुसऱ्याचा. तरुण मुलेंमुली गांव सोडून बॉस्टनची वाट धरीत, आणि मागें म्हातारे व कर्ज राही. आगाऊ रक्कम घेऊन दर्यावर जाणें म्हणजे काय, हें ज्यांच्या आज्यापणज्यांनीं अनुभविलें त्यांना हें चित्र परकें वाटणार नाहीं. आपल्याच दख्खनेंत १८७५ सालीं सुपें येथून शेतकऱ्यांचे जे दंगे सुरू झाले, त्यांत लोकांनीं सावकारांच्या घरांतील गहाणखतें व दस्तऐवज शोधून जाळले, तें अशाच न सरणाऱ्या खात्यांमुळें.

अँटिगोनिश येथें त्या धर्मप्रांताचें एक महाविद्यालय आहे. हिंदुस्थानचे प्रेषित संत फ्रान्सिस झेवियर यांचेंच नांव तें धारण करितें. तेथें फादर जेम्स टॉम्पकिन्स (१८७०–१९५३) हे उपप्रमुख होते. शरीरानें लहानखुरे, परंतु क्षणभर स्वस्थ न बसणारे असे हे धर्मगुरु. महाविद्यालय हें श्रीमंतांच्या मुलांना पदव्या देण्यापुरतें नसून, ज्यांच्या घामावर तें चालतें त्या शेतकऱ्यांच्या व कोळ्यांच्या दारीं त्यानें ज्ञान घेऊन गेलें पाहिजे, हा विचार त्यांनीं एका छोट्या पुस्तिकेंत मांडला, आणि १९२१ सालीं प्रौढ शेतकऱ्यांसाठीं कांहीं आठवड्यांची लोकशाळा त्याच महाविद्यालयांत भरविली. पुढें महाविद्यालयाच्या भवितव्याविषयीं त्यांचा बिशप महाराजांशीं मतभेद झाला आणि १९२२ च्या अखेरीस त्यांची बदली कॅन्सो नांवाच्या एका दूरच्या, गरीब बंदरगांवीं झाली. पुष्कळांनीं तिला शिक्षा मानिलें. फादरांनीं आज्ञा शिरसावंद्य केली. मात्र जें ज्ञान ते महाविद्यालयांतून लोकांकडे नेऊं पाहत होते, तें आतां धक्क्यावर उभे राहून, होडीच्या कांठाशीं बसून, घराघरांत जाऊन ते सांगूं लागले. वाचतां येणाऱ्याच्या हातीं ते एखादी पुस्तिका देत आणि पुढल्या भेटींत तिच्यांत काय आहे तें त्याला विचारीत.

१ जुलै १९२७ रोजीं कॅनडाच्या राज्यसंघास साठ वर्षें पूर्ण झालीं. देशभर हीरक महोत्सवाच्या पताका लागल्या. कॅन्सोचे कोळी त्या दिवशीं एकत्र जमले, परंतु तें आपलीं गाऱ्हाणीं एकमेकांपुढें मांडण्यासाठीं. साठ वर्षांत देशाची भरभराट झाली असेल. आमच्या वांट्यास काय आलें, असा त्यांचा प्रश्न होता. या सभेची वार्ता पसरली, धर्मप्रांतांतील धर्मगुरूंनीं ती उचलून धरिली, आणि त्याच वर्षीं सरकारास मासेमारीच्या स्थितीविषयीं शाही चौकशी मंडळ नेमावें लागलें. मंडळापुढें कोळ्यांनीं दोन गोष्टी प्रामुख्यानें सांगितल्या. एक, वाफेवर चालणारीं मोठीं ट्रॉलर जहाजें बाजारांत मासळी ओतून भाव पाडितात. आणि दुसरी, तीं समुद्राचा तळ खरवडून मासळीची पैदासच नासवितात. ही दुसरी तक्रार वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिच्याकडे पुन्हां यावयाचें आहे. कोळ्यांचे सहकारी संघ स्थापावे, अशी शिफारस मंडळानें केली.

आतां या कथेंत दुसरे धर्मगुरु येतात, ते फादर मोझेस कोडी (१८८२–१९५९). हे टॉम्पकिन्स यांचे नातलग व त्यांच्याच मार्गरी खोऱ्यांतले; देहानें धिप्पाड आणि आवाजानें भारदस्त. १९२८ सालीं महाविद्यालयानें लोकशिक्षणाच्या प्रसारासाठीं एक स्वतंत्र खातें उघडलें आणि तें कोडी यांजकडे सोंपविलें. १९२९ सालीं सरकारनेंहि किनाऱ्यावरील कोळ्यांना संघटित करण्याचें काम त्यांच्याच अंगावर टाकिलें. गांवोगांव हिंडून त्यांनीं तें पार पाडिलें, आणि १९३० सालीं हॅलिफॅक्स येथें युनायटेड मॅरिटाइम फिशरमेन या नांवानें कोळ्यांचा मोठा संघ जन्मास आला.

परंतु संघ, कायदे व सभा हा या चळवळीचा बाहेरचा सांगाडा झाला. तिचा प्राण होता तो एका साध्या पद्धतींत. कार्यकर्ता गांवांत येऊन प्रथम एक मोठी सभा घेई. मग लोकांना आठ-दहा जणांच्या लहान लहान मंडळांत वांटून देई. हीं अभ्यासमंडळें हिवाळ्याच्या लांबलचक रात्रीं कोणाच्या तरी स्वयंपाकघरांत, चुलीभोवतीं जमत. प्रमुख त्यांच्यांतलाच एखादा कोळी किंवा खाणकामगार असे. अँटिगोनिशहून छापील पत्रकें येत. ज्याला अक्षरओळख असे तो वाची, बाकीचे ऐकत व वाद घालीत. मासळीचा भाव बॉस्टनला काय, येथें काय, मधल्या फरकाचें काय होतें, पिठाच्या पोत्यावर व्यापाऱ्यास किती सुटतें, व्याज कसें मोजावें, सभेचें इतिवृत्त कसें लिहावें, हे त्यांचे विषय. महिन्याकाठीं सगळीं मंडळें एकत्र येत आणि मग एकच प्रश्न पुढें ठेवीत, कीं आपण एवढें शिकलों, आतां करावयाचें काय? अशीं शेंकडों मंडळें त्या दशकांत उभीं राहिलीं. संत मार्था यांच्या धर्मभगिनींनीं, विशेषेंकरून सिस्टर मेरी मायकेल यांनीं, गृहिणींचीं मंडळें चालविलीं व ग्रंथालयाचें काम सांभाळिलें. घरचा हिशेब ज्यांच्या हातीं, त्यांना वगळून गांवाचा हिशेब सुधारत नाहीं, हें या भगिनींनीं बरोबर ओळखिलें होतें.

कॅन्सोजवळ लिटल डोव्हर नांवाची एक अतिशय दरिद्री वाडी होती. तेथल्या लोकांनीं याच रीतीनें विचार केला, मग हिवाळ्यांत रानांत जाऊन स्वतः लाकूड तोडिलें, थोडें कर्ज मिळविलें आणि आपल्या हातांनीं शेवंड डबाबंद करण्याचा छोटा कारखाना उभारला. ज्या मालाचा भाव ठरविण्याचा अधिकार त्यांस कधींच नव्हता, त्याच मालाचे ते आतां कारखानदार झाले.

पैशाचा प्रश्नहि असाच सुटला. १९३२ सालीं नोव्हा स्कॉशियाच्या कायदेमंडळानें पतपेढ्यांचा कायदा केला, आणि ब्रॉड कोव्ह व रिझर्व्ह माइन्स या गांवांतून पहिल्या पतपेढ्या निघाल्या. आठवड्यास कांहीं सेंट टाकणारा खाणकामगारहि तिचा सभासद होई. कर्ज मंजूर करणारे त्याचेच शेजारी असत. आणि भाग कितीहि असोत, प्रत्येकास मत एकच. १८४४ सालीं इंग्लंडांतील रॉचडेल येथें अठ्ठावीस कामकऱ्यांनीं जें दुकान काढिलें, त्यांचाच हा नियम. जर्मनींतील रायफायझेन यांनीं खेड्यांतल्या पतपेढ्यांना दाखविलेली वाट तीहि हीच, कीं शेजाऱ्याचा प्रामाणिकपणा हेंच गरिबाचें तारण.

फादर टॉम्पकिन्स पुढें रिझर्व्ह माइन्स येथें आले. तेथें खाणकामगार कोळसा कंपनीच्या जीर्ण घरांतून राहत. कांहीं कामगारांच्या मंडळानें घर बांधणें हाच विषय अभ्यासाला घेतला. जमीन, पाया, सुतारकाम, कर्जाचे हप्ते, कायदा, एकेक करून ते शिकले. न्यूयॉर्कहून आलेल्या मेरी अर्नोल्ड या बाईंनीं त्यांना मार्गदर्शन केलें, प्रांतिक गृहनिर्माण मंडळानें दीर्घ मुदतीचें कर्ज दिलें, आणि खाणींतली पाळी संपल्यावर स्वतः राबून त्यांनीं आपलीं घरें बांधिलीं. १९३८ सालीं त्यांत कुटुंबें राहावयास गेलीं. त्या छोट्या वस्तीला टॉम्पकिन्सव्हिल हें नांव पडलें.

येथें एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. मदत करणाऱ्या संस्था या चळवळीस पुष्कळ मिळाल्या. सरकारनें कायदे केले व अधिकारी नेमिले, महाविद्यालयानें माणसें व पुस्तकें दिलीं, अमेरिकेंतील कार्नेगी निधीनें द्रव्य दिलें, आणि १९३८ सालीं पोप अकरावे पायस महाराजांच्या वतीनें कार्डिनल पाचेल्ली यांनीं पत्र लिहून या कार्याची प्रशंसा केली. परंतु क्रम कोणता होता? आधीं लोक विचारास बसले, मग त्यांनीं स्वतःचें कांहीं पुढें ठेविलें, आणि त्यावर मग बाहेरचा हात येऊन पडला. प्रभूनेंहि अरण्यांत हजारोंना जेवूं घालण्यापूर्वीं शिष्यांना प्रथम विचारिलें तें हेंच, कीं तुमच्यापाशीं भाकरी किती आहेत. तसेंच, या संस्था केवळ कॅथोलिकांच्या करूं नयेत, असा कोडी यांचा आग्रह होता. कर्जाला जसा धर्म नाहीं तसा पतपेढीलाहि पंथ नसावा, म्हणून प्रॉटेस्टंट शेजारीहि त्यांत बरोबरीनें बसले.

आपल्या देशाला ही वाट अपरिचित होती असें कोणीं समजूं नये. १९०४ सालीं हिंदुस्थानांत सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, आणि पांचच वर्षांनीं, १९०९ सालीं, छोटा नागपुरांत येशूसंघीय फादर योहान हॉफमन यांनीं मुंडा, उरांव आदि आदिवासी ख्रिस्ती लोकांसाठीं कॅथोलिक सहकारी पतसंस्था स्थापिली. सावकाराच्या खात्यांतून आदिवासींची जमीन कशी नाहींशी होते हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. मुंडारी भाषेचा कोश करणारा हा पंडित, लोकांच्या जमिनीचा कायदा घडवितांनाहि सरकारला साह्य करीत होता. पहिल्या महायुद्धांत जर्मन म्हणून त्यांना देश सोडावा लागला. संस्था मात्र राहिली. आणि आपल्या वसईंत १९१८ सालीं मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनीं पापडी येथें बॅसीन कॅथोलिक पतसंस्थेचा पाया घातला, तो अँटिगोनिशचें खातें उघडण्याच्या दहा वर्षें अगोदर. ती आज मोठी बँक झाली आहे. तिच्या आधारानें कित्येकांच्या घरावर कौलें चढलीं व मुलांचीं शिक्षणें झालीं, हें आपल्या वडीलधाऱ्यांस विचारावें.

आतां माझी गोष्ट. सेमिनरींत असतां ग्रंथालयांत कोडी यांचें पुस्तक मीं वाचलें होतें आणि त्यानें भारावून गेलों होतों. पुढें तरुण धर्मगुरु म्हणून एका धर्मग्रामांत गेलों. तेथील फुलवाले पहाटे अंधारांत टोपल्या घेऊन दादरच्या बाजाराची गाडी पकडीत, आणि दलाल देईल तो भाव घेऊन परत येत. त्यांच्यासाठीं सामाईक टेंपो घ्यावा असें मीं ठरविलें. पाहा, मीं ठरविलें! एका हितचिंतकाकडून देणगी आणली, वर्गणी गोळा केली, एका हंगामांत टेंपो दारांत उभा केला, आशीर्वादहि दिला. कोणाचीं फुलें आधीं चढवावीं, चालकाचा पगार कोणीं द्यावा, चाक फुटलें तर खर्च कोणाचा, याचा विचार करण्यास आम्हीं कधीं बसलोंच नाहीं. दोन पावसाळ्यांनंतर तो टेंपो चर्चच्या आवारांत चिंचेखालीं गंजत पडला होता, आणि दोन कुटुंबें रविवारच्या मिस्साला मंदिराच्या दोन बाजूंस बसूं लागलीं होतीं. मीं एका म्हाताऱ्या बाईला विचारिलें, कीं मावशी, असें कां झालें? ती म्हणाली, “फादर, गाडी आमची म्हणतां, पण वही तुमच्याच कपाटांत.”

हें वाक्य मी अद्याप विसरलों नाहीं. पुस्तकांतून मीं कारखाना, पेढी व घरें तेवढीं वाचलीं होतीं. स्वयंपाकघरांतल्या त्या लांबलचक रात्री वगळल्या होत्या.

आणि इतिहास सांगावयाचा तर पुरता सांगितला पाहिजे. कोडी यांच्या मृत्यूच्या वर्षीं, १९५९ सालीं, त्यांच्या नांवानें अँटिगोनिश येथें एक आंतरराष्ट्रीय संस्था निघाली आणि आशिया, आफ्रिका व आपल्या देशांतूनहि पुष्कळ कार्यकर्ते तेथें शिकून आले. परंतु खुद्द त्या किनाऱ्यावर, संस्था वाढल्या तशीं अभ्यासमंडळें विरळ झालीं. सभासद होता तो हळूहळू गिऱ्हाईक झाला. कोळ्यांचा जो मोठा संघ १९३० सालीं उभा राहिला, त्याचें १९८८ सालीं दिवाळें निघालें. आणि समुद्राचें काय झालें? १९२७ सालीं कॅन्सोच्या अडाणी म्हटलेल्या कोळ्यांनीं जहाजें पैदास नासवितात म्हणून जी तक्रार केली होती, ती पुढल्या काळांतील अधिक प्रचंड जहाजांनीं खरी करून दाखविली. १९९२ सालीं न्यूफाउंडलंडजवळील व १९९३ सालीं नोव्हा स्कॉशियाच्या पूर्वेकडील समुद्रांतील कॉडची मासेमारी सरकारला बंद करावी लागली; मासाच उरला नव्हता. आज ज्याला शाश्वत विकास असें भारदस्त नांव देतात, त्याचा अर्थ त्या कोळ्यांना पासष्ट वर्षें आधीं कळला होता. त्यांचा भाव वाढविण्यासाठीं संस्था निघाली, परंतु ज्या दर्यावर सारें अवलंबून, त्याचें रक्षण करण्याइतकें बळ त्यांच्या हातीं कधीं आलें नाहीं.

आमचीहि स्थिति विचार करण्यासारखी आहे. वाड्या विकल्या जात आहेत, बावखळें बुजत आहेत, विहिरींचें पाणी खारें होत आहे, आणि होड्यांच्या आधीं मोठीं जहाजें मासळीवर पोहोंचत आहेत. आपल्यापाशीं पतसंस्था आहेत, बँक आहे, सुशिक्षित तरुण आहेत. म्हणजे कॅन्सोच्या लोकांपाशीं जें नव्हतें तें सर्व आहे. नाहीं तें एवढेंच, कीं आठ-दहा शेजाऱ्यांनीं आठवड्यांतून एकदां एकत्र बसून आपल्याच व्यवहाराचा हिशेब मांडणें.

म्हणून एक अल्पशी सूचना करून हा लेख पुरा करितों. महोत्सवाचा मंडप उतरल्यावर येणाऱ्या पहिल्या गुरुवारीं, सायंकाळच्या रोझरीनंतर, धर्मग्रामाच्या सभागृहाचा दरवाजा उघडा राहील. ज्यांना यावयाचें त्यांनीं यावें. कॅथोलिकच असलें पाहिजे असें नाहीं. पहिला विषय हा, कीं आपल्या वाडीतल्या फुलाचा आणि आपल्या होडींतल्या मासळीचा भाव येथून मुंबईस पोहोंचेपर्यंत कोठें कोठें वाढतो. दुसरा विषय, आपलें बावखळ कोणाचें. देणगी मागण्यांत येणार नाहीं, टेंपोहि घेण्यांत येणार नाहीं. मी चहाची व्यवस्था करीन व मागें बसून ऐकेन. वही मात्र पहिल्या दिवसापासून तुमच्यांतल्याच कोणाच्या तरी घरीं राहील.

गालीलच्या कोळ्यांना ज्यानें हांक मारिली, तो प्रभु आपल्या हातांना काम, मनांना विचार व घरांना सलोखा देवो, आणि पुढल्या महोत्सवाच्या दिवशीं आपल्यापैकीं कोणावरहि साजरें करण्यासारखें कांहीं नाहीं असें म्हणण्याची पाळी न येवो, हीच त्याच्या चरणीं प्रार्थना.